सोलरच्या चार बॅटऱ्या आणि गच्चीवरची पत्र्याची खोली

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, म्हणजे युनिफॉर्मचं काम अगदी गळ्याशी आलेलं असताना, संध्याकाळी साडेसातला लाईट गेली आणि आमच्या सोलरनं बरोबर अकरा मिनिटं साथ दिली. अकरा. घड्याळ बघितलं कारण कॉलर मशिनवर अर्धी राहिलेली आणि वरून इन्व्हर्टर जो काही किंचाळायला लागला की सासूबाई देवापुढून उठून आल्या, म्हणे कुणाचा गॅस लीक झालाय का बघ.

मी घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते. कापलेला माल येतो, आमच्याकडं दोन मशिनी, मी आणि शेजारची एक वहिनी, १५ जूनला शाळा उघडेपर्यंत मान वर करायला वेळ नसतो. सोलर बसवलं ते ह्याचसाठी, डिसेंबर २०२० ला. गच्चीवर ३३० वॅटची सहा पॅनल, ४८ व्होल्टचा सोलर इन्व्हर्टर (खरं त्याला पीसीयू म्हणतात, पण आख्खं सोलापूर इन्व्हर्टरच म्हणतं) आणि १२ व्होल्ट १५० एएच च्या (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती मावतं त्याचं माप) चार ट्यूब्युलर बॅटऱ्या, म्हणजे पाणी घालायच्या लेड-ॲसिडवाल्या, एकापुढं एक सिरीजमध्ये. गच्चीवरच पत्र्याची एक खोली होती, जुनी कॉट, गड्ड्याच्या जत्रेतनं आणलेला पाळणा असलं सामान टाकायची, तिथंच एका कोपऱ्यात हे सगळं मांडून दिलं होतं बसवणाऱ्यानं. वायर आखूड लागते म्हणाला. आम्ही पण खूश, घरात अडगळ नाही.

नणंद जुळे सोलापूर भागात राहते, तिला फोनवर रडगाणं सांगितलं तर म्हणाली, अगं बॅटऱ्या कशाला पाहिजेत, आमच्यासारखं घे की, पीएम सूर्यघर ह्या सरकारी सोलर योजनेतनं ३ किलोवॅटला ७८,००० सबसिडी मिळाली, बिल शून्य येतंय. बिल शून्य येतंय ते खरंय. पण तिला विचारलं, तुमच्याकडं लाईट गेल्यावर काय चालतं? तर गप्प. कारण ते ऑन-ग्रिड असतं, म्हणजे थेट लाईनीला जोडलेलं, लाईट गेली की पॅनलवर रणरणतं ऊन असलं तरी ते आपणहून बंद पडतं, नाहीतर आपली वीज उलटी लाईनीत जाऊन खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. तिचं गणित बिलाचं, माझं गणित मशिन बंद पडू नये ह्याचं. आणि जुन्या बॅटऱ्या बदलायला त्या योजनेत काही मिळत नाही, ते पण बघून झालं.

मग दुकानं फिरायला चालू केलं. पहिलं दुकान, नवी पेठेच्या बाजूला, त्यानं बॅटऱ्या बघायला यायचं नावच काढलं नाही, काउंटरवरनंच सांगितलं की ताई साडेचार वर्षं झाली ना, चारी गेल्या, आता २०० एएच टाका म्हणजे टेन्शन नाही. दुसऱ्यानं १५० मध्येच हजार रुपयांनी स्वस्त सांगितली, वर मोठा सूर्याचा फोटो, मी म्हटलं हीच बरी. पोरगी बरोबर होती, पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकलला आहे, तिनं खाली वाकून लेबल वाचलं आणि मला चिमटा काढला. सी-२० लिहिलेलं होतं. घरी येताना रिक्षात समजावून सांगितलं तिनं: सी-१० ची १५० एएच म्हणजे १५ अँपिअरनं दहा तास देणार, सी-२० ची १५० म्हणजे साडेसात अँपिअरनं वीस तास. आरामात काढली की बॅटरी जास्त देते, जोरात काढली की कमी, म्हणून तीच सी-२० वाली दहा तासांत रिकामी केली तर १५० निघतच नाही. सोलरला रोज भरायची रोज काढायची, तिथं सी-१० च बघायची. सूर्याचा फोटो काय, कशावर पण छापता येतो.

मध्ये वॉरंटीचं पण एक नाटक झालं ते सांगते. आमच्या बॅटऱ्यांना ६० महिन्यांची वॉरंटी, आणि बंद पडल्या तेव्हा ५२ वा महिना चालू, म्हणजे मी तर जिंकल्यासारखीच गेले ज्यांच्याकडनं घेतल्या त्यांच्याकडं. तिथं कळलं की ६० मधले पहिले ३६ महिने फुकट बदलून, नंतरचे २४ प्रो-राटा. म्हणजे नवीवर २० टक्के सूट, पण ती सूट छापील किमतीवर. छापील २१,०००, सूट जाऊन १६,८००. आणि तीच बॅटरी बाजारात वॉरंटी-बिरंटी काही न दाखवता १५,२०० ला. मी दोनदा विचारलं, म्हटलं म्हणजे वॉरंटी वापरली तर मला १,६०० जास्त पडणार? तो हसला नुसता. आता कार्ड घेताना मी पहिलं विचारते, फुल किती महिने ते सांगा, बाकीचं राहू द्या.

खरी गाडी रुळावर आली ती साखर पेठेतल्या एका बॅटरीवाल्या मामांमुळं. शेजारच्या वहिनीच्या ओळखीचे, साठीच्या पुढचे, आयुष्य ट्रकच्या बॅटऱ्यांत गेलेलं. फोनवरच म्हणाले, "ओ ताई, बॅटरी मेलीय का मारलीय ते आधी बघू की. मग नवी घ्या." दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते एक हायड्रोमीटर आणि एक मल्टीमीटर घेऊन, चहा नको म्हणाले, आधी वर चला.

हायड्रोमीटर म्हणजे काचेची पिचकारी असते आणि आत एक तरंगणारा काटा. सेलमधलं ॲसिड ओढायचं आणि काटा कुठं तरंगतोय बघायचं, त्यावरनं ॲसिड किती दाट ते कळतं. १२ व्होल्टच्या बॅटरीत २ व्होल्टचे सहा सेल, म्हणजे चार बॅटऱ्यांचे चोवीस. ट्यूब्युलरमध्ये पूर्ण भरलेल्या सेलला साधारण १२४० यायला पाहिजे (खरं ते १.२४०, पण बोलताना सगळे बाराशे चाळीसच म्हणतात). मामा एकेक आकडा सांगत गेले आणि पोरगी वहीत लिहीत गेली. पहिल्या दोन बॅटऱ्यांत १२०० च्या आसपास. चौथी त्यातल्या त्यात बरी, १२२०. तिसऱ्या बॅटरीचा पाचवा सेल, १०९०. मामांनी परत ओढून बघितलं, परत तेच. म्हणाले हा गेला. बाकीच्या म्हाताऱ्या झाल्यात, पण तुमची लाईट घालवणारा हा एकटा.

मला आनंदच झाला, म्हटलं मग एकच बदलू की, तीन बॅटऱ्यांचे पैसे वाचले. मामा म्हणाले तसं नसतंय ओ. सिरीजमध्ये चौघींतनं करंट एकच वाहतो. जुनी लवकर भरते आणि मग नुसती उकळत बसते, तोवर नवी अर्धीच भरलेली, आणि इन्व्हर्टरला वाटतं सगळ्या भरल्या. रिकामी होताना पण जुनी आधी तळाला जाणार. म्हणजे वर्षाभरात नवी पण जुनीसारखी होऊन बसते. एक बदलायची असेल तर पहिल्या सहा महिन्यांत बदला, साडेचार वर्षांनी नाही.

आता मारलीय का मेलीय. तर मारली होती, आणि मारणारे आम्हीच.

पहिलं म्हणजे ती खोली. दुपारी तीनला पोरीनं भिंतीवरचं थर्मामीटर तिथं नेऊन ठेवलं, अर्ध्या तासानं ४९. बाहेर ४३ होतं. सोलापूरचं ऊन आपल्याला माहितीय, आपण दुपारचं दार लावून पंख्याखाली पडतो, आणि बॅटऱ्यांना पत्र्याखाली ठेवतो. लेड-ॲसिडचं सगळं २५-२७ डिग्रीवर मोजलेलं असतं, आणि ढोबळ हिशोब असा की त्याच्यावर कायम दहाएक डिग्री जास्त राहिली की आयुष्य निम्म्यावर येतं. मला आश्चर्य हे वाटायला लागलं की साडेचार वर्षं टिकल्या कशा.

दुसरं, सेटिंग. पोरगी इन्व्हर्टरच्या मेनूत शिरली तर लो-कट ४४ व्होल्ट. म्हणजे एकेक बॅटरी ११ व्होल्टला येईपर्यंत इन्व्हर्टर लाईट असून पण बॅटरीवरच घर चालवत होता. बसवणाऱ्यानं केलेलं असणार, कारण तसं केलं की बिल कमी दिसतं आणि गिऱ्हाईक खूश. झालोच होतो की आम्ही. पहिल्या महिन्याचं बिल मी नणंदेला फोटो काढून पाठवलं होतं. बॅटरी रोज निम्म्याच्या खाली काढत होतो आणि त्याचं बिल आता आलं.

तिसरं माझं वैयक्तिक पाप. मामांनी विचारलं पाणी कुठलं घालता. मी पटकन म्हटलं, डिस्टिल्ड. मग जरा थांबून, एकदा-दोनदा फिल्टरचं. हे माझ्याकडं बघायला लागले. अहो दुसऱ्या लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद होती, पातळी पार खाली गेलेली, मी म्हटलं आरओचं पाणी आपण पितो, त्याला काय होणार. पण आरओच्या पाण्यात थोडे का होईना क्षार राहतातच, आणि बॅटरीतनं पाणी उडून जातं, क्षार आतच साठत बसतात. मामा रागावले नाहीत, एवढंच म्हणाले की बोअरचं नाही घातलं हे उपकार.

एवढं झाल्यावर पोरीनं लिथियमचा हट्ट धरला. आणि तिचं चुकीचं नव्हतं. हिशोब केला तिनं: आपल्या चार बॅटऱ्या म्हणजे ४८ गुणिले १५०, ७,२०० वॅट-तास, पण लेड-ॲसिड निम्मीच वापरायची म्हणून हातात ३.६ युनिट. लिथियम आयर्न फॉस्फेटची ५१.२ व्होल्ट १०० एएच म्हणजे ५.१२ युनिट, ती ८० टक्के बिनधास्त वापरता येते, म्हणजे चारच्या वर. पाणी नाही, ॲसिडचा वास नाही, भिंतीला अडकवायची. आणि तेव्हा जीएसटी पण लिथियमला १८ टक्के आणि आपल्या ॲसिडवालीला २८. माझं मन पार तिकडं झुकलं.

अडलं ते इन्व्हर्टरवर. लिथियममध्ये ३.२ व्होल्टचे सोळा सेल असतात आणि त्यांचा एक बीएमएस, म्हणजे आतला वॉचमन, सेल ३.६५ व्होल्टच्या वर गेला की दार बंद करणारा. सोळा सेलचे म्हणजे ५८.४. आणि आमचा जुना इन्व्हर्टर ट्यूब्युलरसाठी बनवलेला, तो मधूनमधून इक्वलायझिंग करतो, म्हणजे सगळे सेल सारखे व्हावेत म्हणून मुद्दाम व्होल्टेज चढवतो, ६० च्या पुढं. ते बंद करायची सोयच त्याच्यात नव्हती, आणि व्होल्टेज आपल्या हातानं टाकायची पण नव्हती. तसंच जोडलं असतं तर वॉचमननं दार आपटलं असतं आणि इन्व्हर्टर बॅटरी नाही म्हणून ओरडत बसला असता. म्हणजे इन्व्हर्टर पण नवा. बॅटरी ९२,००० आणि इन्व्हर्टर ४२,०००, एक लाख चौतीस हजार. युनिफॉर्मच्या एका शर्टाला शिलाई किती मिळते ते माहीत असणाऱ्यांनी हसू नये.

एक माणूस ४५,००० ला लिथियम देतो म्हणून घरी पण आला होता. गोड बोलणारा. पोरीनं विचारलं सेल कुठले, एलएफपी (तेच आयर्न फॉस्फेटवाले) का एनएमसी (लिथियमचाच दुसरा प्रकार)? म्हणाला चांगलेच आहेत. नवीन का गाडीतनं काढलेले? म्हणाला ए-ग्रेड. बिल मिळेल? म्हणाला बिलाचं काय एवढं. आमचे हे त्याला रस्त्यापर्यंत सोडून आले.

लिथियमचं तिथंच मिटलं. म्हणजे तेव्हापुरतं. इन्व्हर्टर स्वतःहून मेला की त्या दिवशी मी लिथियमला जाणार, हे पोरीला कबूल केलंय.

मग मामा म्हणाले ते काम केलं, बॅटरी मोठी करायच्या आधी लोड लहान करा. खालच्या तीन पंख्यांच्या जागी कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे लावले, ७५ वॅटचा पंखा ३० वर आला. मशिनींना आधीच सर्वो मोटर होती नशिबानं, जुनी क्लच मोटर असती तर ती आपण कापड लावत असलो तरी फिरतच राहते आणि वीज खातच राहते, सर्वो पायडल दाबल्यावरच घेते. पोरीनं संध्याकाळी सात ते अकराचा हिशोब मांडला: पंखे ९०, दोन मशिनी सरासरी २५०, ट्यूबा ६०, टीव्ही आणि वायफाय ९०. ४९० वॅट, चार तासाचे दोन युनिट. इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरून अडीचच्या आत. म्हणजे ७.२ मधला तिसरा हिस्सा. २०० एएच ची गरजच नव्हती, आणि ती घेतली असती तर पावसाळ्यात अर्धपोटी राहिली असती बिचारी. नवी पेठेतल्या दुकानदारानं हे का नाही सांगितलं ते मी सांगायची गरज नाही.

शेवटी २ जूनला सी-१० च्या १५० एएच च्या चार घेतल्या, चारी एका बॅचच्या, १५,२०० नी. घेताना मामा बरोबर होते म्हणून काही गोष्टी कळल्या. एक तर महिना बघायचा. बॅटरी दुकानात पडून पडून पण उतरत असते, सहा-आठ महिने तशीच पडलेली असेल तर आत प्लेटांवर सल्फेटचा थर बसायला सुरुवात झालेली असते. आम्हाला आधी दाखवलेल्या सात महिने जुन्या होत्या, मामांनी "ह्या घरी लावा तुमच्या" म्हटल्यावर आतनं दुसऱ्या आल्या. दुसरं, वजन. माहितीपत्रकात ॲसिडसकट वजन दिलेलं असतं, पन्नास किलोच्या पुढं मागं, मामांनी चक्क शेजारच्या दुकानातल्या काट्यावर एक चढवली. शिसं कमी घातलं की वजन बोलतं म्हणे. तीन जुन्या परत दिल्या, ४,२०० प्रत्येकी, म्हणजे ४८,२०० ला काम झालं. भंगारवाला चारशे जास्त द्यायला तयार होता पण तो ॲसिड कुठं ओततो ते मी एकदा बघितलंय आमच्याच गल्लीत, त्याला नाही दिली. चौथी, ती १२२० वाली, दीर गावाकडं घेऊन गेले, गोठ्यात दोन एलईडी आणि एक छोटं पॅनल, म्हशींची सोय झाली.

जागेचं रामायण मात्र चार दिवस चाललं. पत्र्याखाली परत ठेवायच्या नाहीत हे नक्की, मग कुठं? जिन्याखाली गार असतं, दिवसभर ऊन नाही, मी तिथंच ठरवून टाकलं होतं. पण जिन्याखालीच आमचं देवघर. सासूबाईंना वाटलं मी देवाला हलवायला निघालेय, मामांनाच त्यांनी विचारलं, "काय ओ, देवाशेजारी चालत नाही का बॅटरी?" मामा म्हणाले देवाचं काही नाही हो आजी, समईचं आहे. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, कोंडलेल्या जागेत तो साठला आणि शेजारी वात जळतीय म्हटल्यावर देवच वाचवील. मग देव राहिले आपल्या जागेवर आणि बॅटऱ्या गेल्या मागच्या बोळात, उत्तरेकडं, वर स्लॅब, दोन्ही बाजूंनी वारा. लाकडी फळीचा ठोकळा करून त्यावर मांडल्या, दोन बॅटऱ्यांत चार बोटं अंतर. इन्व्हर्टर पण खाली त्यांच्याजवळ आणला, पॅनलची वायर गच्चीवरनं वाढवून घेतली, जाड, १० स्क्वेअर एमएमची. सगळं मिळून ६,५०० गेले. लो-कट ४८ केला. आता बारा व्होल्टला बॅटरी आली की घर आपोआप लाईटीवर जातं. बिल दोनशे-अडीचशेनं वाढलं, नणंदेला सांगितलं नाही.

पुढं एका रात्री वादळ आलं, लाईट गेली ती पहाटे आली. आम्ही दोघींनी साडेअकरापर्यंत शिवलं आणि पंखे रात्रभर चालले. सकाळी मीटर बघितला तर बॅटऱ्या अजून दमल्या नव्हत्या.

चुटपुट लागली ती नंतर, २२ सप्टेंबरला जीएसटी बदलला आणि ॲसिडवाल्या बॅटऱ्या पण १८ टक्क्यांत आल्या. पोरीनं लगेच हिशोब करून दाखवला, चार बॅटऱ्यांचे ४,७५०. मी म्हटलं ते राहू दे, जूनमध्ये मशिन बंद ठेवून सप्टेंबरची वाट बघितली असती तर किती गेले असते तो हिशोब कर. तो तिनं केला नाही.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी डिस्टिल्ड पाणी आणि हायड्रोमीटर घेऊन मी बोळात बसते, चोवीस आकडे कॅलेंडरच्या मागं लिहिते. सासूबाई वरनं विचारतात, आज बॅटऱ्यांचा वार का? ह्या रविवारी सगळे १२४० च्या आसपास होते, फक्त दुसऱ्या बॅटरीचा चौथा सेल १२३०. मामांना फोन केला तर म्हणाले एक इक्वलायझिंग होऊ द्या, मग परत बघा, लगेच घाबरू नका. मार्च लागला की ऊन चालू होईल. त्या आकड्याभोवती मी लाल पेनानं गोल करून ठेवलाय.